शिट्टी

मिलेन्का, तुझ्या डाव्या पापणीवर
तिसऱ्या आठवड्यात एक लाल ठिपका आला
आणि नाताळपर्यंत त्यानं अर्धा डोळा झाकला.
द्रागो आजोबा म्हणाले, रानस्ट्रॉबेरी आहे,
पिकेल आणि गळेल आपोआप.
डॉक्टरीण म्हणाली, गळेलही,
पण तोवर हा डोळा बघायचं शिकणारच नाही.

औषध तेच, जे आजोबा घेतात धडधडीसाठी.
त्यांची गोळी, तुझे थेंब.
एका घरात एकाच नावाच्या दोन बाटल्या,
एक त्र्याहत्तर वर्षांची, एक पाच महिन्यांची.

नर्सनं बजावलं होतं:
दूध पाजल्याशिवाय देऊ नका,
गार घाम आला तर फोन करा,
छातीत शिट्टी वाजली तर थांबवा.

पुंता अरेनासमध्ये शिट्टी कुठे वाजत नाही?
पत्र्याच्या छपरात वाजते, तारांत वाजते,
कुलपाच्या भोकात.
सामुद्रधुनीवरून येणारा वारा
गावातल्या माणसांना दोर धरून चालायला लावतो.

त्या रात्री तुला सर्दी होती.
मी खिडकीच्या फटीत तुझ्या बाबाचा मोजा कोंबला,
दाराखाली टॉवेल सारला,
फ्रिज बंद केला, किटली उतरवली.
एकेक शिट्टी विझवत गेले.
एक उरली.

तुझा अंगरखा वर केला.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
लहानसा भाता, ज्याला फुंकणारा दिसत नाही.
मिनिटाला चौसष्ट. पुन्हा मोजले. सहासष्ट.
माझ्या हातात भरलेली सिरिंज
आणि तू माझ्याकडे बघत होतीस
दोन्ही, जवळजवळ दोन्ही डोळ्यांनी.

सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली.
तुला कोटाच्या आत बांधलं
आणि कोपऱ्यावरचा दोर एका हातानं धरून
दवाखान्यापर्यंत गेले.

तिथे मास्कवर मासा चिकटवलेला होता.
तू वाफेतून त्याला बघत राहिलीस.
खोकला जाईपर्यंत बंद, डॉक्टरीण म्हणाली,
मग पुन्हा, कमी थेंबांनी, इथे, आमच्यासमोर.

आज चौथा दिवस.
ठिपका पुन्हा थोडा लाल झालाय.
तू रडलीस की भडकतो.
भडकू दे,
एवढं रडायला केवढा श्वास लागतो.

वारा पडलाय.
खिडकीतला मोजा मी अजून काढलेला नाही.