दारणेला, दारणाला

नाव सांगते, लिहितात करुणा.
मी म्हणते, दा. दारातला दा.
मग लिहितात धारणा.
गॅसच्या पुस्तकावर अजून दर्शनाच आहे,
तिच्या नावानं सिलेंडर येतं, मी सही करते.
चोपन्न वर्षांत किती बायका होऊन गेले मी.

बाप पाटकरी, पुंजाराम गुळवे.
कालव्याच्या दारांवर त्याची नोकरी.
तो सांगायचा:
धरणाची दारं उचलायची रात्र होती,
निरोप आला तसाच धावलो,
हात ग्रीसने बरबटलेले, तुला घेता येईना,
म्हणून नुसतं नाव ठेवलं.
आई चुलीपासून म्हणायची: खोटं.
पुलावरून पाणी होतं, गाडी अलीकडे अडली,
गवताच्या भाऱ्यावर झालीस तू.
सुईणीनं विचारलं, कुठं झाली म्हणून सांगू?
हा म्हणाला, दारणेवर.
तिनं तेच सांगितलं, गावानं ते नाव धरलं.
मला शशिकला हवं होतं.

दोघंही गेली. मी दोन्ही ठेवून घेतलंय,
ग्रीस आणि गवत.

अर्थ बघायला एकदा वाचनालयात गेले,
जाड कोश, टेबलावर दोन्ही हातांनी ठेवावा असा.
दारणा नव्हतीच.
दारण होतं: फाडणे, चिरणे, उकलणे.
वर दार, खाली दारुण.
मध्ये मी, चष्मा पुसत.
वाकचौरे बाई शाळेत म्हणायच्या,
अर्थाच्या नावांना वागावं लागतं गं.
आमच्या वर्गातली सुशीला
शिपायाला दगड मारून पळाली होती.

सासरी तांदळाचं ताट आलं.
अंगठीनं निवृत्तीनं "गो" काढला,
सासूबाईंनी गोदावरी ठरवलं होतं.
मी म्हटलं, ती मिळतेच की गोदावरीला,
पण खाली, सांगवीपाशी.
तिथवर तरी जाऊ द्या.
कुणीतरी हसलं. निवृत्तीनं तांदूळ सारखे केले.
त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला,
जरा कच्चा राहिला होता.

मग प्रेसमध्ये लागले, नोटा तपासायला.
प्रत्येक नोटेचा नंबर वेगळा,
जगात तेवढी एकच,
आणि भाजीवाली न बघता कमरेला खोचते.
आमच्या पाळीतल्या बायका पेपर आणायच्या:
"दारणा ऐंशी टक्के भरली!"
तेव्हा मला सातवा होता.
"दारणातून विसर्ग वाढवला."
"दारणेने तळ गाठला."
उन्हाळ्यात चेहेडीचा पंप बंद पडला
की गल्लीतली बाई माझ्याच दाराशी हंडा आपटायची,
काय गं, येणारेस की नाही आज?

एक मात्र लक्षात आलं.
नदीला म्हणतात दारणेला,
मला म्हणतात दारणाला.
नदी वाकते, मोडते, वळण घेते,
माणसाचं नाव कोरडं, सरळसोट,
प्रत्यय नुसता मागून चिकटवलेला.
बाप एकटाच हाक मारायचा, दारणे.
त्याला बहुधा व्याकरण येत नव्हतं.
किंवा येत होतं.

परवा बिटकोत गेले होते, बीपीची गोळी घ्यायला.
शेजारी लस द्यायची रांग.
घोटीकडची पोरगी, पायात जोडवी नवी,
मांडीवर गुंडाळलेलं बाळ, तापलेलं, किंचाळणारं.
ती थोपटत म्हणाली,
गप ना दारणे, झालं, झालं.

मी ओ दिली.
खरंच दिली, मोठ्यानं.
ती बघायला लागली.

काय सांगणार होते तिला?
की करुणा लिहितील?
की हंडे आपटतील?
की तांदळाच्या ताटात बोट आडवं घालावं लागेल?
मी विचारलं, पुलावर झाली का?
ती म्हणाली, नाही हो मावशी,
ह्यांना आवडलं.

नर्सने कार्डावर लिहिलं. मी वाकून पाहिलं.
धारणा.
म्हटलं, सिस्टर, दा. दारातला दा.