झाकण

सेलूत, बसस्थानकाच्या मागं,
मुनीरचाचांच्या घड्याळाच्या टपरीतला डावा कोपरा माझा.
जिनिंगवरचा लॅपटॉप उघडला की
पंख्यातून एवढी रुई निघते
की नंदादीपाला महिनाभर वाती पुराव्यात.

धुराजी रोडगे आले ते टळटळीत दुपारी.
एसटीतले कंडक्टर, निवृत्त.
टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र काउंटरवर ठेवलं,
पण हात काही त्यावरून काढला नाही,
तिकिटाची पेटी धरावी तसा.
"चालू व्हायलंय, पर दिसंना गेलंय, पोरी.
आत माझ्या विहिरी हायत."
"किती?"
"एकशे बारा. नावानिशी."

बटण दाबलं. पंखा फिरला, बारीक सूर वाजला,
पडदा काळाच.
मी मोबाइलची बॅटरी तिरपी धरली,
विहिरीत पडलेली कळशी शोधायला
काठावरून आरशाचा कवडसा टाकतात, तशी.
तळाशी हललं काहीतरी.
मग एकेक अक्षर वर आलं :
सटवाईची. कोल्ह्याची. दोन मोटांची.
चिमणाबाईनं पाणी तोडलं ती.
हे एवढं लांब नाव, पुढं कंसात साल.
धुराजी वाकून बघत राहिले. बोलले नाहीत.

"चित्र हाय," मी म्हणलं, "मागचा उजेड गेलाय."

कडेची पट्टी नखानं सोडवली.
बिजागरीतली केबल, नेहमी तुटते तिथं, शाबूत.
लॅपटॉप तंबूसारखा उभा केला, तळ उघडला.
"बॅटरी धरा जरा."
त्यांनी डाव्या हातात धरली, मनगट कडेला टेकवून.
खडखडत्या गाडीत उभं राहून
आकडे लिहिलेला हात, हलला नाही.
फ्यूज तिळाच्या निम्म्याएवढा.
मीटर टोचलं : टीं. जिवंत.
एकोणीस व्होल्ट दारापर्यंत येऊन थांबलेले.
फक्त "पेटव" हा हुकूम येत नव्हता.
कामून येत नव्हता, कळंना.
घाम बोर्डावर पडू नये म्हणून
मी दोनदा मान फिरवली.
इन्व्हर्टर कुरकुरायला लागला. लाइट तीनला येणार होती.

चहा आला.
धुराजी बॅटरी ठेवून बाकड्याकडं गेले
आणि पडदा भक्कन उजळला.
"आली!" म्हणत ते धावले, बोट दाखवायला टेकले,
अंधार.
मागं सरले, उजेड.
तीनदा.
"माझ्यावरच रुसलंय का काय हे?"

मुनीरचाचा एका लेडीज घड्याळाच्या पोटात होते.
डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले,
"हातातलं काढा."

तांब्याचं कडं, टोकांना दोन काळे मणी.
रविवारी जिंतूरच्या बाजारात घेतलेलं, बीपीसाठी, दीडशेला.
"चुंबक हाय त्यात," चाचा म्हणाले,
"माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यामुळंच येतात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पडलं.
तळहात टेकतो त्या जागेखाली एक कण असतो.
झाकणातलं चुंबक जवळ आलं
की तो समजतो, मिटलं,
आणि दिवा मालवतो. त्याचं बिचाऱ्याचं काम तेवढंच.
रविवारपासून धुराजी
झाकण सताड उघडं ठेवून समोर बसत होते,
हात टेकवून, वाट बघत,
आणि यंत्राला वाटत होतं
घरात सगळे झोपलेत.

"किती झाले?"
"काही नाही. खराब काहीच नव्हतं."
त्यांनी पन्नासाची नोट उभी घडी घालून
दोन बोटांच्या बेचक्यातून पुढं केली.
"बिनतिकिटाचं कुणाला नेलं नाही मी, पोरी."

निघताना थांबले. "तुझ्या गावची विहीर?"
"बुजवली. वर व्यायामशाळा झाली."
"नाव विचारलं मी."

मला आठवायला वेळ लागला.
आठवलं तेव्हा त्यांनी उभ्याउभ्याच,
एका बोटानं, वेलांटी शोधत टाइप केलं.
एकशे तेरा.

कडं काउंटरवरच राहिलं. न्यायला आले नाहीत.
आता एखादा स्क्रू हातातून निसटून
फळ्यांच्या फटीत गेला
की मी ते दोऱ्याला बांधून
खाली सोडते.