कसर

तो पुस्तक म्हणून आलाच नव्हता.
शिकागोहून लोखंडी कपाटं आली, त्यांच्या खोक्यात
फळ्या खडखडू नयेत म्हणून कुणीतरी खुपसला होता.
चार बोटं जाड, एक कोपरा गंजानं तांबडा.
ग्रंथपाल म्हणाले, ही दुकानदाराची यादी,
हिला दाखल क्रमांक देऊ नका.
मी दिला.
बडोद्यात तेव्हा बायकांची वाचनशाळा दुपारी बारा ते चार,
आणि मी, अहल्या प्रधान,
पगार सात रुपये, इंग्रजी मॅट्रिकपुरतं.

कादंबऱ्या कपाटात कोऱ्या राहिल्या.
रावपुऱ्यातून, दांडिया बाजारातून,
पडद्याच्या दमणीतून आलेल्या सरदारांच्या लेकीसुना
आल्या आल्या म्हणायच्या, ते अमेरिकेचं आण.
मी बोट ठेवून वाचायची.
ही शेगडी, हिला सहा तोंडं.
हा बायकांच्या कमरेचा पिंजरा, देवमाशाच्या हाडांचा.
(शिव शिव, म्हणायच्या, आणि पान पुन्हा मागे उलटायच्या.)
हे थडगं, टपालानं. नाव कोरून मिळेल, पैसे अक्षरामागे.
हे घर. अख्खं. खोक्यांत.
वाशावाशावर आकडे घातलेले,
आकड्याला आकडा लावा आणि राहायला जा.
"आणि सासू?" घोरपड्यांच्या सुनेनं विचारलं,
"ती कितव्या खोक्यात?"
इतक्या हसलो की शिपाई दारातून डोकावून गेला.

चंद्रभागाकाकू आठल्ये हसायच्या नाहीत.
खिडकीशी बसायच्या, आलवण कपाळापर्यंत.
बाकीच्यांचं झालं की हात पुढे करायच्या.
इंग्रजी येत नव्हतं. चित्रं बघायच्या,
गहू निवडावेत तशी, एकेक.

आश्विनात कधीतरी त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं.
तीन ओळी शेपट्या. मला आधी घोड्यांच्याच वाटल्या.
केस, मी म्हटलं. बायकांचे. विकायला.
"गंगावनं," काकू म्हणाल्या. "कुणाच्या डोक्याची?"
ते लिहिलेलं नव्हतं.
रंग लिहिला होता, लांबी लिहिली होती,
आपल्या केसांचा नमुना पाकिटातून पाठवा,
हुबेहूब जुळवून देऊ, असं होतं.
"वजन?"
दोन औंस. पाटीवर मांडलं, पाच तोळ्यांना थोडं कमी.
सव्वादोन डॉलर म्हणजे सात रुपये.
माझा महिना.

बाहेर घोडागाडीवाला गुजरातीत भांडत होता
अर्ध्या आण्यावरून. बराच वेळ.
"माझे पाटावर बसलं की जमिनीला टेकायचे," काकू म्हणाल्या.
"तेराव्या वर्षी. दहा तोळे सहज भरले असते.
न्हाव्याला वर तांदूळ दिले."
आणि हसल्या.
त्यांचे दात इतके सुरेख आहेत हे मला माहीतच नव्हतं.
"नमुना पाठवा म्हणतात?"

चैत्रात मोजदाद.
कॅटलॉगचं पान तीनशे एकाहत्तर नव्हतं.
ब्लेड नाही, कात्री नाही.
दुमडून, बोटानं ओलं करून, अगदी शिवणीपाशी सोडवलेलं,
घाई नसलेल्या माणसानं.
'गहाळ' खाली आकडा लिहिला,
'कारण' पाशी टाक थांबला.

काकू खिडकीशी मराठी काहीतरी वाचत होत्या.
वाऱ्यानं आलवण कानामागे सरकलं
आणि तिथे, बोटभरही नाही, अर्धं बोट,
काळं, मधेच करडं,
नुकत्या वर आलेल्या बाजरीसारखं.

त्यांनी पदर ओढून घेतला नाही.
पान उलटलं फक्त.

मी टाक बुडवला आणि लिहिलं:
कसर.