हिंद्रेक गाडीवान सांगतो

मालकांकडे तीन जंगलं होती,
बटाट्याची दारू गाळायची भट्टी,
तार्तूच्या रस्त्यावर दगडी गोदाम,
आणि यातल्या कशाकडेही ढुंकून न बघण्याची ऐपत.

मी त्यांचा गाडीवान. ऑगस्ट लागला
की लगाम सुटून हाती कंदील यायचा.
जूनमध्ये आमच्या एस्टोनियात रात्र अशी होतच नाही,
काळोखच नाही तर पतंग येणार कुठून?

बर्चच्या खोडांना मालक स्वतः लेप लावायचे:
काकवी, शिळी बियर, वर आपल्याच भट्टीची धार.
भट्टीवरच्या गड्याने घोटभर चाखली तर
मुकादम आठवड्याचा पगार कापायचा,
इथे पतंग फुकट झिंगत होते.
मिहकेल लोहार तर एकदा मागून येऊन
झाडच चाटून गेला.
मालक बघत होते. म्हणाले,
ही जात माझ्याकडे आधीच आहे.

दलदलीत गुडघाभर उभं राहून
साठीचा माणूस श्वास रोखतो, कशासाठी?
तर नखाएवढ्या करड्या ठिपक्यासाठी.
बाटलीत कडू बदामाचा वास,
दोनदा फडफड, मग काही नाही.
तेवढ्यापुरती ते टोपी काढायचे.
का, ते मी कधी विचारलं नाही.

हवेलीत कपाटं, कपाटांत खण,
खणात बुचाच्या लादीवर टाचण्याच टाचण्या.
मूलबाळ नाही.
बाईसाहेब रीगाला गेल्या त्या गेल्याच;
कापराच्या वासाने डोकं उठतं, म्हणाल्या.

पाच सालच्या डिसेंबरात मशाली आल्या.
त्यांत माझा भाऊही होता, खोटं कशाला बोलू.
मालकांनी चांदी सोडली, आजोबांची तसबीर सोडली,
एक खण तेवढा छातीशी धरून बर्फात आले.
ब्राझीलहून मागवलेली निळी फुलपाखरं
वरच्या मजल्यावर भडकत होती,
आणि खणात बघतो तर
आमच्याच दलदलीतले करडे.
"धर," म्हणाले.
मी धरला. सवयीने,
कंदिलासारखा सरळ.

पुढे ते ड्रेस्डेनला गेले म्हणे, तिथेच वारले.
खण माझ्या खाटेखाली राहिला.
किड्यांना किड्यांनीच खाल्लं, पंखांची भुकटी झाली,
उरल्या टाचण्या, आणि टाचण्यांखाली चिठ्ठ्या,
मुंगीच्या पायांसारखी अक्षरं.
मला जर्मन वाचता येत नाही.
बावीस वर्षं मी त्या चिठ्ठ्यांवर झोपलो.

परवा नातीने भिंग लावून एक वाचली.
शाळेत शिकवतात तिला.

"एकोणीस ऑगस्ट. ढगाळ, वारा पडलेला. नर एक.
मादी निसटली.
हिंद्रेक शिंकला."

शिंकलो होतो खरा.
त्या रात्री घरी येईपर्यंत
मालक काहीच बोलले नव्हते.