ढिगाचा भाव

एकतीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळकुंडं मोडली.
पोत्यात हात कोपरापर्यंत घालायचा,
वरचं सोडून तळाचं काढायचं,
कट्‌कन मोडायचं.
आवाज सांगतो ओल किती,
गाभा सांगतो शिजवताना घाई झाली का.
मग रुमालाखाली बोटं.
भाव ठरला.

श्रावणात माझंच वीतभर मोडलं, मिरजेत.
नर्सनं आधी तळहात बघितले
आणि काविळीची चाचणी लिहिली,
यकृतापर्यंत गेलंय का बघायला.
"पोरी, ही धंद्याची हळद," म्हणालो, "घासून जात नाही."
तिनं चाचणी खोडली नाही.
बरंच केलं.

कुणा न पाहिलेल्या पारख्यानं
काचेखाली माझा गाभा बघितला.
कागद आला.
ग्रेड मध्यम.
मध्यम म्हणजे आमच्याकडं गिरणीला जाणारा माल.
कडा मोकळ्या, मार्जिन चांगलं.
"एकतीस वर्षांत पहिल्यांदा सुटलं," मी म्हणालो.
डॉक्टर कित्तूर आधी हसले नाहीत. मग हसले.

गाठी चौदा तपासल्या. बारा तरी लागतात म्हणे,
कमी बघितल्या तर अंदाजाला अर्थ नाही.
हे मला लगेच पटलं.
मूठ लहान घातली की पोतं खोटं बोलतं.
चौदांत दोन किडक्या.

मग ते विचारत गेले, लिहीत गेले.
वय? बासष्ट.
रक्त कधीपासून?
सात महिने. मूळव्याध समजून सुरण खात होतो.
घरात कुणाला?
थोरल्याला. जिनपालला.
रात्री पोट फुगलं तेव्हा आणला,
रोगाचं नाव कळलं ते त्याच्या तेराव्यानंतर.
चालता का रोज?
वजनकाट्यापासून गोदामापर्यंत.
लग्न?

"ते कशाला?"
"फरक पडतो," मान वर न करता म्हणाले.
रत्ना शेजारीच होती,
भाताचा डबा मांडीवर दाबून.
चाळीस वर्षांत तिला कुणी
जमेच्या बाजूला लिहिलं नव्हतं.
मी तरी कुठं.

गल्लीत येणारा प्रत्येक जण तेच विचारतो,
हळदीत जन्म गेला, तुला कसा झाला?
दुधातून घे, म्हणतात.
पी हळद नि हो गोरी!
मी मान डोलावतो. दूध मांजराला.

त्या दिवशी शेवटी मीच विचारलं, किती?
सवयीनं खिशातला रुमाल निघाला,
हातावर पसरलासुद्धा.
डॉक्टरांना ती बोटं कुठली यायला.
उघड्यावरच बोलले,
पाच वर्षांनी, शंभरातले पासष्ट.

विश्रामबागेपर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही.
तिथं मला आठवलं, जे मी
नव्या शेतकऱ्याला दरसाल सांगतो,
बाबा, भाव ढिगाला असतो.
ढिगातल्या एका हळकुंडाला भाव नसतो.
ते आतून कसं आहे
ते मोडेपर्यंत
माझ्या बापालाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या कॉटवरचा शिदगोंडा, कवठेमहांकाळचा,
त्याच्या सात गाठी किडक्या.
परवा द्राक्षाची पेटी पाठवली, वर फोन,
"आंबट लागली तर सांगा."
समोरच्या खोलीतल्या बाईंचा कागद माझ्याहून चांगला होता.
त्यांचा फोन आता मुलगा उचलतो.

फेब्रुवारीत नवा माल आला.
सहा महिन्यांच्या सलाईननं बोटांची टोकं मेली आहेत,
गार तांब्या धरवत नाही,
ओल कळत नाही, गर कळत नाही.
अडत्या म्हणाला, भूपालअण्णा, बसून राहा नुसते.

नुसता कसा बसू?
दस्तगीर हमालाला जवळ बोलावलं.
तळाचं काढ, म्हटलं. आणखी खालचं.
आता इथं, माझ्या कानाशी धर.

मोड.