तीन नळ्या

रोवायार्वीच्या मैदानावर उणे एकवीस.
घोंगडीवर तीन नळ्या,
नदीतून नुकत्या ओढलेल्या माशांसारख्या,
वाफाळत.

बंदूक एकच. पाना फिरवला,
बोल्टचं तोंड बदललं,
की दुसरंच जनावर.

तीनशे आठ स्वस्त, सरावाला बरी,
आठशे मीटरनंतर मात्र वाऱ्याचं ऐकते.
नॉर्मा ऐकत नाही, पण नळी खाते.
आणि तीनशे अडतीस...
केत्तुनेन काडतूस तळहातावर झुलवतो.
"अशी साठ. वर बर्फ. खाली एकोणीस वर्षांचं पोरगं.
मोजा."

सिर्का मोजते. काटा तिच्या स्वयंपाकघरातला,
राईचं पीठ अजून कडेला चिकटलेलं.

दीड किलोमीटरवर पोलादी माणूस.
चाप ओढल्यावर आम्ही आकडे म्हणतो,
सातला कुठे
टण्ण.
तेवढ्यात केत्तुनेनची कॉफी संपते.

अर्जात रकाना: निवडीचं कारण.
सिर्का लिहिते, वारा.
खोडते. लिहिते, वजन.
मग शाई गोठते.
पेन काखेत दाबून ती दुर्बिणीला डोळा लावते.

तिकडे ते पोरगं
डबा घेऊन पोचलंय,
पोलादी माणसाच्या छातीला
पुन्हा पांढरा रंग देतंय,
हातमोजा काढून,
सावकाश.