पावती

सावद्यात मे महिन्यात रात्री अकराला
पंखासुद्धा गरम हवाच इकडची तिकडे करतो.
गच्चीवर ओली चादर टाकून बसलेय,
ताटलीत कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि मांडीवर कुणा परक्या माणसाने
नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला
डिस्कचा ड्रायव्हर.

काम तसं एवढंसं.
वरून रिक्वेस्ट येते, डिस्क ती पुरी करते,
आपण परत जाऊन फक्त सांगायचं: झालं.
पण हे 'झालं' म्हणायला इथे तीन वाटा.
एक, सगळं मिळालं तर.
एक, अर्धंच मिळालं तर,
मग उरलेलं मोजा, पुन्हा रांगेत लावा, पुन्हा मोजा.
एक, वेळ टळून गेल्यावर,
डिस्क मेली समजून, घाबरत घाबरत.
तिन्हीकडे तेच लॉक, तीच मोजणी,
जराजराशी वेगळी,
जशी तीन जावांची एकच आमटी.

आणि अर्धं तर ही डिस्क कधी देतच नाही.
देते तर सगळं, नाही तर हात वर.
मग ही मधली वाट कुणासाठी झाडत बसलोय आपण?

निनाजीमामा केळीच्या काट्यावर होते.
तिथेही तीन वह्या: काट्याची, फाटकाची, हापिसातली.
एकदा एकाच ट्रकचे पैसे दोनदा गेले.
एकदा माल उतरून गेला, काटा बंद झाला,
आणि ड्रायव्हर ट्रकखाली रात्रभर झोपून राहिला,
कारण 'झालं' हे त्याला सांगायचं कुणी
हे तिन्ही वह्यांत नव्हतं.
सकाळी मामांनी दोन वह्या चुलीत घातल्या.
"येकच पावती फाडा ना भो, कायले तीन तीन?
ज्यानं शेवटला घड उतरवला, त्यानंच फाडायची,
अन् झोपलेल्या माणसाले त्यानंच उठवायचं."

मी एकशे बावीस ओळी पुसल्या.
खरं सांगते, बरं वाटलं,
पोळ्याला बैल धुतल्यासारखं.

दोनला टेस्ट अडकली.
चाळीस हजार रिक्वेस्ट गेल्या, एक परत आली नाही.
ती कुठेच नाही. डिस्कमध्ये नाही, रांगेत नाही,
आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून
एक प्रोसेस झोपलेली, उठायचं नावच नाही.
तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपच्या उजेडात चिलटं.

सापडलं साडेतीनला.
त्या तिसऱ्या, घाबरट वाटेत
दोन ओळींच्या मध्ये एक ओळ होती:
रिक्वेस्टचा बिल्ला खुंटीला परत लावणारी.
शेजारी एक शब्द लिहिलेला नाही, की बाई, ही पुसू नकोस.
मी ती कचरा म्हणून काढली होती.

पुन्हा आणली. आता एकाच जागी, सगळ्यांसाठी.
आणि मेली समजलेली डिस्क
उशिरा जागी होऊन 'झालं' म्हणाली तर?
ज्याच्या हाताला बिल्ला आधी लागेल, त्याने बोलावं.
मागून येणाऱ्याने रिकामा हात बघावा
आणि गुपचूप माघारी जावं.

एकशे बावीसमधल्या अकरा ओळी परत आल्या.
त्या बिल्ल्याच्या ओळीवर मी दोन वाक्यं लिहिली,
हे इथे का आहे, आणि नसलं की रात्री काय होतं.
नऊ वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला
हे सगळं ठाऊक होतं, अशी मला आता शंका आहे.
त्यालाही बहुधा पहाटेचे साडेतीनच वाजले असतील,
लिहायचं राहून गेलं.

खाली रावेर रस्त्यावर कुणीतरी
ट्रकचं दार हाताने बडवतंय, ऊठ रे, ऊठ.
चाळीस हजारांतली शेवटची परत आली.
लाइट अजून नाही.
भाकरी वाळून पापड झालीय,
तशीच खातेय.